सुप्रभाताईंची मधली खुर्ची

हां, तर पेम्बर्टनसाहेबांचा डावा कान. काल नेमकं तिथे आलो आणि सूनबाईंनी पानं घेतली म्हणून राहून गेलं.

पेम्बर्टनसाहेबांना डाव्या कानानं ऐकू यायचं नाही, आणि आमच्या सुप्रभाताईंना बसायला मिळायची ती त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची. आता यात गंमत काय ते कळायला इथलं, इंग्लंडमधलं, कोर्ट माहीत पाहिजे. मॅजिस्ट्रेट कोर्टात उंच ओट्यावर तिघं एका ओळीत बसतात. तिघांचा निकालातला वाटा सारखा, पण कोर्टात बोलायचं ते फक्त मधल्यानं. बाजूच्या दोघांनी ऐकायचं, टिपून घ्यायचं, आणि काही विचारावंसं वाटलं तर मधल्याच्या कानाशी लागायचं. ताई कानाशी लागायच्या आणि साहेब समोर बघत मान हलवायचे. ताईंना वाटायचं, पोचलं. साहेबांना वाटायचं, बाई खोकल्या. असं किती दिवस चाललं देव जाणे. शेवटी ताई चिठ्ठ्या लिहून सरकवायला लागल्या. मग साहेब चष्मा शोधायचे, आणि तोवर साक्षीदार उतरून गेलेला असायचा.

मला हे ठाऊक, कारण मी वरच्या बाकांवर असायचो. कोर्टात जाऊन बसायला कोणालाही मुभा असते, तिकीट नाही, आत हीटिंग जोरात. रिटायर झाल्यावर माझ्या ओळखीची म्हातारी माणसं लायब्ररीत जाऊन पेपर चाळायची. मी बस पकडून कोर्टात जायचो. पंख्यांच्या कारखान्यात जन्म काढला, तिथे मशीनच्या आवाजात कोणाचं बोलणं कधी पुरतं ऐकलं नाही. इथे माणसं शांतपणे आपापली बाजू सांगतायत, एक बोलून संपल्यावर दुसरा बोलतोय, ही मला मोठी चैन वाटायची. आमच्या गावी, कोरेगाव तालुक्यात, निवाडा बसला की पाच जण एकदम बोलायचे आणि निकाल लागला की नाही यावरून नवीन भांडण सुरू व्हायचं.

आमच्या मालविकानं, म्हणजे थोरल्याच्या मुलीनं, मला एकदा विचारलं होतं, “आजोबा, सुप्रभाआजी तो केसांचा टोपी घालतो का?” पोर इथे जन्मलेली, तिच्या मराठीत आजीसुद्धा ‘घालतो’. म्हटलं, नाही गं बाई, तो टोप मोठ्या कोर्टात. हे साध्या माणसांचं कोर्ट. मॅजिस्ट्रेटला पगारही नसतो आणि वकिलीची परीक्षाही नसते. कायदा सांगायला खाली एक शिकलेला सल्लागार बसलेला असतो. वर बसायला लागतं ते डोकं ठिकाणावर असलेलं माणूस.

आणि तसं माणूस म्हणजे आमच्या शेजारच्या सुप्रभाताई.

ताई मूळच्या इस्लामपूरच्या. मॅट्रिक होऊन लग्न केलं आणि इथे लंडनजवळ स्लाऊला आल्या. नवरा, जयंतराव, हीथ्रोच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर. ताई आधी इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात डब्यांना झाकणं लावायच्या. पुढे मुलं शाळेत गेली तेव्हा त्याच शाळेच्या किचनमध्ये लागल्या. दुपारी पोरांना जेवण वाढायचं. तिथे रांगेत रोज मारामारी. ताईंची पद्धत अशी होती की भांडणाऱ्या दोघांना ताटं हातात धरून बाजूला उभं करायच्या. पहिल्याचं ऐकायच्या, दुसऱ्याचं ऐकायच्या, आणि मग पहिल्याला पुन्हा विचारायच्या, “याचं ऐकलंस ना? आता तुझं काय म्हणणं?” बहुतेक वेळा पहिला खाली बघायला लागायचा. ओरडणं नाही, काही नाही. शाळेच्या हेडमिस्ट्रेसबाईंनी हे खिडकीतून पाहिलं. एक दिवस त्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण ताईंच्या हातात ठेवलं. मॅजिस्ट्रेट पाहिजेत, सगळ्या थरांतले, सगळ्या जमातींचे.

ताई कात्रण घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊ, मी चहाचे मग विसळणारी बाई. मला कोण घेणार?”

मी म्हटलं, “मग त्यांनी जाहिरात कशाला दिली?”

मुलाखतीत त्यांना विचारलं, शेजाऱ्यावर खटला झाला आणि तो म्हणाला जरा सांभाळून घ्या, तर काय कराल? ताई म्हणाल्या, “माझे शेजारी तसं म्हणायचे नाहीत. त्यांना दंड झाला तर ते आठवडाभर ती गोष्ट रंगवून सांगतील. मिटवलं तर त्यांचं नुकसान होईल.” समोरची माणसं इतकी हसली की एकाला पाणी प्यावं लागलं. मी हे कळल्यावर चार दिवस रुसून होतो, मग मीच सगळ्यांना सांगत सुटलो.

निवड झाली. हातात गीता घेऊन शपथ झाली. आणि मग वर्षानुवर्षं त्या डाव्या खुर्चीत बसल्या. दर पंधरवड्याला एकदा इस्त्रीची साडी, वर काळा स्वेटर, कपाळाला कुंकू, पिशवीत चपलांची दुसरी जोडी. जयंतराव म्हणायचे, “तिथे तोंड मिटून बसते, त्याची भरपाई घरी येऊन माझ्यावर करते.”

गमतीचा भाग सोडा, पण तो गप्पपणा ताईंना खुपायला लागला होता. एकदा बसस्टॉपवर म्हणाल्या, “भाऊ, निकालात मी असते. पण समोर उभा असलेल्या माणसाला वाटतं, ही बाई शोभेला बसवलीय. पेम्बर्टन छान बोलतात, पण त्यांच्या बोलण्यात ‘तुमचं कळलं आम्हाला’ हे येत नाही. मला एकदा तरी ते माझ्या तोंडानं सांगायचंय.”

मधल्या खुर्चीला वेगळं ट्रेनिंग होतं. ते ताईंनी केलं. त्यानंतर प्रत्यक्ष परीक्षा. तुम्ही मधे बसायचं, एक पूर्ण खटला पहिल्यापासून निकालापर्यंत चालवायचा, आणि एक अनुभवी मॅजिस्ट्रेट मागे बसून बघणार. ताईंची पासष्टी जवळ आली होती. सत्तरीला इथे मॅजिस्ट्रेटला घरी जावंच लागतं. ही संधी हुकली तर पुढची वर्षभरानं, आणि तेव्हा खुर्च्या ठरवणारी कमिटी सरळ म्हणणार, आता उरली किती वर्षं, कशाला नवीन खुर्ची. ताईंना हे माहीत होतं. मला माहीत होतं. जयंतरावांनी तर त्या दिवशी सकाळी स्वतः चहा केला होता, त्यावरून समजा.

साल दोन हजार पाच, फेब्रुवारी. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आम्ही एकाच बसनं गेलो. एरवी मॅजिस्ट्रेट मागच्या दारानं आत जातात. पण त्या दिवशी मागचं दार गोठून बसलं होतं, कुलूप फिरेना, म्हणून कोर्टाच्या शिपायानं ताईंना पुढून यायला सांगितलं. पुढे पायऱ्यांपाशी खटल्याला आलेली माणसं उभी होती. त्यांत एक आपल्याकडचा मुलगा. नवा सूट, टाय जरा जास्तच आवळलेला, चेहरा उतरलेला. त्याची नजर ताईंच्या गळ्यातल्या मंगळसूत्राच्या वाट्यांवर गेली आणि तो एकदम पुढे आला.

“काकू, मराठी का तुम्ही?”

“हो रे. तू कुठला?”

“नागपूरचा. आज माझी केस आहे.” आणि मग लाजत म्हणाला, “सकाळी आईचा फोन होता. म्हणाली, निघताना कोण्या मोठ्या माणसाच्या पाया पडून जा. आता इथे मोठं माणूस कुठून आणू? पडू का तुमच्या?”

असं म्हणेतो तो वाकलासुद्धा. ताईंच्या एका हातात पिशवी, दुसरा हात मोकळा. तो हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला.

“यशस्वी हो, बाळा.”

मी दोन पायऱ्या खाली होतो. मला छान वाटलं बघा. परदेशात, थंडीत, कोर्टाच्या पायरीवर आपलं पोरगं वाकतंय. पण ताई आत गेल्या आणि मी वर जाऊन बसलो तेव्हा माझ्या मनात आलं, याची केस नेमकी ताईंपुढेच आली तर? म्हटलं, असेल दुसऱ्या खोलीत त्याची केस. दोन कोर्टं चालू आहेत. प्रत्येक वेळी वाईटच व्हायला हवं असं थोडंच आहे?

“ऑल राइज” झालं. आम्ही उभे राहिलो. तिघं आत आले आणि या खेपेला ताई मधे. डावीकडे पेम्बर्टनसाहेब, आता ताईंना त्यांचं ऐकायला त्रास नव्हता, ताईंचे दोन्ही कान उत्तम. मागच्या बाकावर परीक्षक मिसेस हॅलिडे, पेन काढून तयार. ताईंनी वाकून कोर्टाला नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “गुड मॉर्निंग. प्लीज सिट डाउन.” काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं मी तो आवाज फक्त कुंपणावरून ऐकत आलो होतो.

मग पहिला खटला पुकारला. सुश्रुत वैरागडे. दार उघडलं आणि तोच आला, आवळलेला टाय घेऊन.

त्यानं वर बघितलं. ताईंना ओळखलं. आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की जणू अंधाऱ्या खोलीत कोणी दिवा लावावा. बिचाऱ्याला वाटलं असणार, आईनं सांगितलेलं लगेच फळाला आलं.

केस तशी छोटी होती. सुपरमार्केटच्या कारपार्कमध्ये गाडी मागे घेताना दुसऱ्या गाडीला घासली आणि हा न थांबता निघून गेला, असा आरोप. हा म्हणत होता, मला कळलंच नाही घासल्याचं. ट्रॉल्या गोळा करणारा एक माणूस साक्षीला आला होता. तो म्हणणार होता, आवाज मला तिकडच्या कोपऱ्यात ऐकू आला. म्हणजे सगळं यावर होतं, की समोरच्याचं खरं मानायचं की याचं. आणि पूर्ण खटला, पहिल्यापासून निकालापर्यंत. ताईंच्या परीक्षेला अगदी हवा तसा.

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग समोरच्या टेबलाकडे पाहिलं. मिसेस हॅलिडेंनी पेन टेकवलं. मला वाटलं, ताई घाबरल्या. पण त्या घाबरल्या नव्हत्या. त्यांनी सल्लागाराला जवळ बोलावलं नाही की कुजबुजल्या नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सुरू करण्याआधी मला एक सांगायचं आहे. सकाळी बाहेर हा मुलगा मला भेटला. मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि तो कोण हे मला. आमच्यात मोठ्यांच्या पायांना हात लावतात. त्यानं लावला, आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला यश मिळो असं म्हटलं.”

कोर्टात कोणाला काही कळेना. सरकारी वकील उभ्या राहिल्या, तरुण बाई होत्या, हसून म्हणाल्या, “मॅडम, सरकारची काही हरकत नाही.” सुश्रुतचा वकील तर घाईघाईनंच उठला. “आमचीही नाही, मॅडम. अजिबात नाही.” त्याची का असेल?

सल्लागार म्हणाला, ओळख नाही, नातं नाही, केसबद्दल बोलणं नाही. ठरवायचं तुम्ही. पेम्बर्टनसाहेब कुजबुजायला गेले, पण त्यांना स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते कळायचं नाही, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “सुप्रभा, हे आमच्या गुड मॉर्निंगसारखंच झालं. चालू दे.”

म्हणजे बघा, सगळे म्हणतायत, बसा. वकील, सल्लागार, शेजारचा. मागे परीक्षक पेन धरून. त्या नुसत्या “ठीक आहे” म्हणाल्या असत्या तर कोणी बोट दाखवलं नसतं. मी वरून मनात म्हणत होतो, ताई, म्हणा हो ठीक आहे. इतकी वर्षं वाट पाहिलीत.

ताई म्हणाल्या, “सगळ्यांचे आभार. पण हा खटला दुसऱ्या बेंचपुढे जाऊ दे.” आणि सुश्रुतकडे बघून, सावकाश, म्हणाल्या, “मिस्टर वैरागडे, तुमची यात काही चूक नाही. तुमचं म्हणणं तिकडे नीट ऐकलं जाईल.”

खटला शेजारच्या कोर्टात गेला. आता ताईंच्या यादीत उरले ते टीव्हीचं लायसन्स न काढणारे आणि दंडाला मुदत मागणारे. पूर्ण खटला एकही नाही. ताईंनी ते सगळे मधे बसून व्यवस्थित निभावले, आवाज तितकाच खणखणीत. पण मिसेस हॅलिडेंनी जेवणाच्या सुट्टीत कागद मिटून ठेवले. पूर्ण खटला पाहिल्याशिवाय पास करता येत नाही, म्हणाल्या. संपलं.

मी मात्र सुट्टीनंतर शेजारच्या कोर्टात जाऊन बसलो. तिथे दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. ट्रॉलीवाला ठाम होता. सुश्रुत दोषी ठरला. दंड आणि गाडीच्या लायसन्सवर गुन्ह्याचे पॉइंट.

आणि मग आमच्या मंडळात जे सुरू झालं ते विचारू नका. मंडळ म्हणजे स्लाऊ-हाउन्सलोची आपली माणसं, महिन्यातून एकदा शाळेचा हॉल घेऊन जमायचं, प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. त्या महिन्यात पदार्थांपेक्षा ताईच जास्त चघळल्या गेल्या. सेक्रेटरी अतुलची बायको रेखा वाटी भरता भरता म्हणाली, “आपला माणूस वर बसून उपयोग काय मग? इंग्रजाच्या हातात सोपवलं पोराला.”

ताई पलीकडेच उभ्या होत्या. म्हणाल्या, “रेखा, आमटीत मीठ कमी आहे.”

“मी केसबद्दल बोलतेय, काकू.”

“मी आमटीबद्दल. तीच तुझ्या हातात आहे.”

हसले सगळे, रेखासुद्धा हसली. पण बोलणं थांबलं नाही. कोणी म्हणे, ताई फार शिष्ट. कोणी म्हणे, परीक्षेला घाबरल्या आणि निमित्त शोधलं. हे मात्र ताईंना लागलं. घरी आल्यावर त्या जयंतरावांवर ओरडल्या नाहीत, म्हणजे किती लागलं असेल.

पण इथली माणसंही काही दगडाची नसतात. पुढच्या वर्षी ताईंनी पुन्हा अर्ज केला. कमिटीत मिसेस हॅलिडे होत्या. उरली किती वर्षं, असं खरंच कोणीतरी विचारलं म्हणे. हॅलिडेबाई म्हणाल्या, “जितकी उरली आहेत तितकी मला मधल्या खुर्चीत हवी आहेत.” या खेपेला खटला मिळाला तो कोंबड्यांच्या आवाजावरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांचा. पहिल्याचं ऐकलं, दुसऱ्याचं ऐकलं. सबंध दुपार चालला, आणि निकाल देताना ताई म्हणाल्या, “तुमचं दोघांचंही कळलं आम्हाला.” हरलेला माणूससुद्धा “थँक यू, मॅडम” म्हणून गेला. मी वर बसून रुमाल शोधत होतो.

त्या उन्हाळ्यात मंडळानं त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि रेखानं केलेल्या मोठा डबाभर पुरणपोळ्या. या वेळी मीठ, साखर, सगळं बरोबर. अतुलनं भाषण केलं. त्यात तो म्हणाला की आम्हाला पहिल्यापासून विश्वास होता. जयंतराव माझ्या कानाशी लागून म्हणाले, “याचा जबाब लिहून घ्यायला पाहिजे.”

जेवणं चालू असताना सुश्रुत आला. बरोबर बायको, पूर्वी, नुकतीच नागपूरहून आलेली. टाय नव्हता, त्यामुळे मी आधी ओळखलंच नाही. तो सरळ ताईंपाशी गेला आणि वाकला. पूर्वी वाकली. ताईंनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाल्या, “यशस्वी व्हा.”

रेखा हातातली पोळी तशीच धरून उभी राहिली. सगळ्यांना त्या दिवसाची आठवण होती.

सुश्रुत सरळ झाला. रागावलेला नव्हता, पण मनात वर्षभर अडकलेलं विचारल्याशिवाय त्याला राहवेना. म्हणाला, “काकू, दंड भरून टाकला, पॉइंटचंही काही नाही. पण एक विचारू? कोणी वाकलं की तुम्ही सगळ्यांनाच म्हणता ना, यशस्वी हो? आताही म्हणालात. आमची आई दूधवाल्याच्या पोरालासुद्धा म्हणते. मग तेवढ्यासाठी हातची खुर्ची घालवलीत कशाला?”

ताईंनी शाल खांद्यावर सारखी केली. त्याच्याकडे बघितलं, जसं शाळेत ताट धरून उभ्या असलेल्या पोराकडे बघायच्या तसं. म्हणाल्या,

“म्हणते रे सगळ्यांना. पण तोंडदेखलं नाही म्हणत. त्या सकाळी तू जिंकावंस असं मला खरंच वाटलं होतं, आणि तुझी केस काय आहे हे तेव्हा मला ठाऊकसुद्धा नव्हतं.”